चांदीच्या रुपयाची झीज ओळखताना

राणीछाप रुपया हातात आला की बहुतेक जण आधी व्हिक्टोरिया राणीचा चेहरा पाहतात, मग मुकुटातले मणी आणि जाकिटावरची वेलबुट्टी शोधतात, आणि जेवढे दिसेल तेवढ्यावरून ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन, मध्यम झिजलेले) किंवा ‘एक्सएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन, थोडेच झिजलेले) अशी प्रत ठरवून मोकळे होतात. ही रीत सोपी आहे, परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले असते, ते असे की जो तपशील आज दिसत नाही तो वापरात झिजूनच गेला असला पाहिजे. चांदीच्या नाण्यांच्या बाबतीत हे गृहीतक वारंवार फसते. तो तपशील नाणे पाडतानाच नीट उठला नसेल, ज्या साच्यातून नाणे पडले तो साचाच थकलेला असेल, किंवा दर दिवाळीला कोणीतरी रांगोळीने घासघासून तो घालवला असेल. अशी नाणी वरवर पाहता सारखीच गुळगुळीत दिसतात, मात्र त्यांची प्रत निरनिराळी असते आणि किंमतही. म्हणून माझ्या मते प्रतवारी करताना तपशील किती उरला आहे हे पाहण्याआधी तो कशाने गेला हे ठरवले पाहिजे, आणि त्याचे उत्तर नक्षीपेक्षा चांदीच्या पृष्ठभागावर अधिक विश्वासाने सापडते.

झीज पारखण्याचे काम काही संग्राहकांनी नव्याने काढलेले नाही. पूर्वी रुपया टांकसाळीतून बाहेर पडून जुना होऊ लागला की सराफ त्यावर बट्टा कापत, आणि व्यवहारात आलेला प्रत्येक रुपया कोठे पडला, किती जुना आहे आणि किती घासला आहे हे पारखूनच त्याचे मोल ठरत असे. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला एकसारखा रुपया काढला. हेच वजन तोळ्याचेही होते, त्यामुळे कित्येक सोनारांच्या तराजूत रुपयाच वजन म्हणून पडत असे. पुढे १९०६ च्या नाणे कायद्याने प्रमाण वजनापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक घट झालेला रुपया कायदेशीर चलन म्हणून चालणार नाही, अशी मर्यादा घातली. दोन टक्के म्हणजे पाव ग्रॅमपेक्षाही थोडे कमी. नाण्यावरचा उठाव इतका पातळ असतो की एवढ्या घटीत राणीच्या जाकिटावरची बरीचशी नक्षी पुसट होऊन जाऊ शकते. सरकारच्या दृष्टीने असा रुपया अजून चालू असे. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र तोपर्यंत तो दोन-तीन पायऱ्या खाली उतरलेला असतो.

आता पृष्ठभागाकडे वळू. नाणे पडताना दाबाखाली आलेली चांदी मध्याकडून कडेकडे सरकते, आणि हजारो नाणी पाडली की या सरकत्या धातूमुळे साच्याच्या पोलादावर चाकाच्या आऱ्यांसारख्या अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. त्या रेषा पुढच्या प्रत्येक नाण्यावर उतरतात. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू कलते केले की प्रकाशाचा एक पट्टा मध्याभोवती फिरताना दिसतो, तो याच रेषांमुळे. व्यापारी याला नुसते ‘लस्टर’ म्हणतात आणि मीही तेच म्हणतो. नाणे हाताळले जाऊ लागले की सर्वांत आधी मरतो तो हा लस्टर, आणि तोही प्रथम उंच जागांवरच. नक्षीची धार त्यानंतर जाते. म्हणजे खरी झीज सुरू झाली की नाही याची पहिली खबर आकारातून मिळत नाही, ती रंगातून मिळते: उंच भागावरचा प्रकाशाचा पट्टा तुटतो आणि तेथे एक मंद, राखाडी, निर्जीव छटा येते. ज्याला ही छटा ओळखता येते त्याचे निम्मे काम झाले असे समजावे.

यासाठी साधने फार लागत नाहीत. जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा किंवा एकाच बिंदूतून प्रकाश देणारा टेबललॅम्प, बाकीची खोली थोडी अंधारी, आणि पाचपट मोठे दाखवणारे भिंग एवढे पुरते. ट्यूबलाइटचा पसरट उजेड यासाठी निरुपयोगी आहे, कारण त्यात जिवंत आणि मेलेला पृष्ठभाग सारखाच पांढरा दिसतो. फार मोठ्या भिंगाचाही मोह टाळावा. तीसपट मोठे केले की टांकसाळीतून नुकते निघालेले नाणेसुद्धा खरवडल्यासारखे दिसते. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या छायाचित्रांविषयी तर काय बोलावे. खिडकीच्या उजेडात सरळ वरून काढलेल्या फोटोवरून झीज ठरवणे अशक्य असते, म्हणून मी विक्रेत्याला नाणे दिव्याखाली सावकाश कलते करून दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवायला सांगतो. जो पाठवायला कां-कूं करतो त्याच्याकडून मी ‘युएनसी’ (अनसर्क्युलेटेड, न वापरलेले) म्हणून काही घेत नाही.

या सगळ्याचा खरा कस लागतो तो पाचव्या जॉर्जच्या रुपयावर. या रुपयाचे चित्र बर्ट्रम मॅकेनल यांनी केले. राजाच्या अंगावरच्या झग्यावर मानाची साखळी आहे आणि तिच्यात छातीजवळ एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर या हत्तीची सोंड इतकी आखूड उतरली की तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. बहुतेक नाणी वितळवावी लागली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढण्यात आला. संग्राहकांत १९११ च्या या रुपयाला आजही डुकराचा रुपया म्हणतात. पण या जनावराचा उपयोग गंमतीपुरता नाही. प्रतवारी करणारा माणूस राजाच्या चेहऱ्याआधी हत्ती पाहतो, कारण तो लहान आहे, बारीक रेषांचा आहे आणि झग्याच्या फुगीर भागात बसलेला आहे. सोंड, कान, पाय आणि पाठीवरची झूल वेगवेगळी मोजता आली तर नाणे वरच्या प्रतीचे. हत्तीचा नुसता बाह्याकार उरला तर मधल्या प्रतीचे. आणि हत्तीच्या जागी एक गोळा उरला तर पुढे फार पाहण्याची गरज नाही.

असे असले तरी नेमका येथेच घोटाळा होतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची प्रचंड टंचाई पडली. अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटिशांना विकली, ती मुख्यतः हिंदुस्थानसाठीच होती. त्या वर्षाच्या तारखेचे रुपये मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींनी प्रत्येकी वीस कोटींहून अधिक पाडले. इतकी नाणी पाडायची म्हटल्यावर साचे लवकर थकणार आणि काही नाण्यांवर ठसा कच्चा उठणार, हे ओघानेच आले. परिणामी १९१८ चा असा रुपया हमखास भेटतो की ज्याच्या छातीवरचा हत्ती पुसट आहे, पण ते नाणे कोणाच्या खिशात फारसे गेलेलेच नाही.

माझ्यासमोर आत्ता मुंबईचे दोन रुपये आहेत, दोन्ही १९१८ चे, दोघांच्याही मागच्या बाजूला खाली कमळाजवळ मुंबईचा ठिपका. दोघांचाही हत्ती पुसट आहे. पहिला कलता केला की प्रकाशाचा पट्टा मोकळ्या जागेवरून निघून झग्यावर चढतो, हत्तीवरून न अडखळता जातो आणि खांद्याच्या पलीकडे उतरतो. भिंगातून पाहिले तर हत्तीच्या पाठीवर बारीक, आडवेतिडवे खडबडीत ओरखडे दिसतात; ते ठसा उठण्याआधीच्या कोऱ्या चकतीवरचे आहेत. साच्याचा दाब तेथे पुरेसा पडला असता तर ते सपाट होऊन गेले असते. नाणे उलटून नेमकी त्याच जागेची मागची बाजू पाहिली तर तेथल्या वेलीची पानेही थोडी बोथट आहेत. दोन्ही बाजूंच्या साच्यांत खोल भाग समोरासमोर आले की मधल्या धातूला दोन्हीकडे पुरे पडता येत नाही, आणि म्हणून कच्च्या ठशाचा पुरावा बहुधा दोन्ही बाजूंना मिळतो. दुसऱ्या रुपयाची गोष्ट वेगळी आहे. त्यात प्रकाशाचा पट्टा झग्याच्या कडेला येऊन थांबतो, हत्ती आणि खांदा एकजात राखाडी राहतात, आणि तशीच राखाडी छटा भुवईवर, गालाच्या उंचवट्यावर, मिशीच्या टोकावर आणि कानाच्या पाळीवर आहे. झीज अशीच येते. ती एका जागी येत नाही, सगळ्या उंच जागांवर एकाच वेळी, उंचीच्या हिशेबाने येते. पहिल्या रुपयाला मी निःशंकपणे न वापरलेला म्हणेन. दुसरा एक्सएफच्या वर जात नाही.

थकलेल्या साच्याची ओळख तिसरीच. साचा फार वापरला की कडेजवळची अक्षरे कडेकडे ओढल्यासारखी पसरतात, त्यांच्या धारा विरघळतात आणि मोकळ्या जागेवर बारीक दाणेदार खरखर येते. लस्टर मात्र अशा नाण्यावर अनेकदा नेहमीपेक्षा जास्तच असतो, कारण थकलेल्या साच्यावर धातूच्या प्रवाहाच्या रेषा खोल गेलेल्या असतात. अक्षरे मऊ आणि लस्टर झगझगीत, ही जोडी दिसली की हाताच्या झिजेचा संशय सोडून द्यावा.

राणीच्या रुपयांत, म्हणजे १८६२ पासूनच्या मुकुटधारी चित्राच्या रुपयांत, पाहण्याचा क्रम थोडा निराळा लागतो. येथे सर्वांत आधी जातात ते कानावरचे केस, गाल आणि छातीवरच्या जाकिटाचा फुगीर भाग. जाकिटावरच्या फुलांचे देठ आणि पाकळ्या सुट्या दिसत असतील आणि मुकुटातले मणी एकमेकांपासून वेगळे असतील तर नाणे एक्सएफच्या आसपास आहे. फुलांचे आकार कळतात पण आतल्या रेषा गेल्या आहेत, केसांच्या बटा तीन-चार जाड पट्ट्यांत मिसळल्या आहेत, अशा वेळी व्हीएफ म्हणावे. जाकीट जवळजवळ सपाट, मुकुटाचा बाह्याकार शाबूत, पण चेहऱ्याचे नाक-डोळे स्पष्ट असतील तर व्हीएफच्या खालची प्रत, फाइन. त्याखाली गेल्यावर कडेचा उंचवटा अक्षरांना जाऊन भिडू लागतो आणि मग तारीख वाचता येते की नाही एवढाच प्रश्न उरतो. आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १८६२ ही तारीख पुढे अनेक वर्षे तशीच ठेवून रुपये पडत राहिले, आणि त्यांतले फरक मागच्या बाजूच्या ठिपक्यांवरून ओळखतात. ठिपके बारीक असतात आणि झिजतात, म्हणून या तारखेच्या रुपयाची प्रत आणि त्याचा प्रकार या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. घासलेल्या रुपयावर ठिपका नाही म्हणजे तो कधी नव्हताच, असे सांगण्याचे धाडस करू नये.

सातव्या एडवर्डच्या रुपयावर, १९०३ ते १९१०, मुकुट राजाच्या डोक्यावर नसून मागच्या बाजूला आहे. दर्शनी बाजूला उघडे डोके, टक्कल आणि दाढी. त्यामुळे तपासायला नक्षी कमी. कानाची वरची कड आणि तिच्यावरचे केस एक झाले का ते पाहावे, आणि मग उलटून मुकुट पाहावा. एवढेच.

शेल्डन यांच्या १ ते ७० या मोजपट्टीविषयी लोक फार विचारतात. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती, आणि आज सीलबंद डब्यांत नाणी घालून देणाऱ्या कंपन्या ती जगभरच्या नाण्यांना लावतात. या पट्टीवर व्हीएफ साधारण २० पासून, एक्सएफ ४० पासून, एयू (जवळजवळ न वापरलेले) ५० पासून सुरू होते आणि ६० पासून पुढे न वापरलेली नाणी येतात. आकड्याला माझा विरोध नाही, पण ५८ आणि ६० यांच्यामधली रेषा ज्या ठामपणे आखली जाते तेवढी ती नाण्यावर ठाम नसते. एखादा रुपया बाजारात कधी गेलाच नाही, पण साठ वर्षे पुरचुंडीत इतर रुपयांसोबत बांधून ट्रंकेत पडून राहिला, तर ट्रंक हलली की ती नाणी एकमेकांवर घासतात आणि गालावर, खांद्यावर हलकी राखाडी छटा येते. याला वापर म्हणायचे की नाही? माझे मत असे की छटा आहे तर ती लिहावी आणि नाण्याला एयू म्हणावे, कारण ती कोठून आली याची कथा नाण्यासोबत विकली जाते, पण तपासता येत नाही. तरीही गालावर थैलीतले खोल मार पडलेल्या ६० च्या रुपयापेक्षा किंचित स्पर्श झालेला, पण स्वच्छ चेहऱ्याचा ५८ चा रुपया मी आनंदाने घेईन. थैलीत एकमेकांवर आदळून पडलेले ते मार म्हणजे झीज नव्हे. त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा.

आपल्याकडे झीज ओळखण्यातली सर्वांत मोठी अडचण मात्र घरगुती आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत चांदीचे रुपये लक्ष्मीपूजनाला ताम्हनात निघतात, त्यांना हळदकुंकू लागते आणि त्याआधी ते चिंचेने, रिठ्याने, रांगोळीने किंवा दंतमंजनाने लखलखीत केले जातात. श्रद्धेच्या जागी हे योग्यच आहे आणि त्यावर नाक मुरडण्याचा संग्राहकाला काही अधिकार नाही. पण असा रुपया बाजारात ‘चमकदार, कोरा’ म्हणून आला तर तो ओळखता आला पाहिजे. दिव्याखाली त्याची चमक फिरत नाही, ती सगळीकडून एकदम येते आणि एकदम जाते. मोकळ्या जागेवर केसासारख्या बारीक रेषांचे झुबके दिसतात आणि ते एकाच दिशेने धावतात, कारण बोट एकाच दिशेने फिरलेले असते. हाताळणीने आलेल्या झिजेतल्या रेषा चहूदिशांना असतात. अक्षरांच्या कोपऱ्यांत बोट पोहोचत नाही, म्हणून तेथे जुना काळा थर किंवा कुंकवाचे लाल कण अडकून राहतात आणि अक्षरांभोवती एक काळसर रेघ उरते. लिंबाने किंवा तयार द्रावणात बुडवून उजळलेल्या रुपयावर रेषा नसतात, पण आम्लाने पृष्ठभागाचा पातळ थर खाल्लेला असतो आणि लस्टर गेलेला असतो. असे नाणे तपशिलाने एक्सएफ आणि पृष्ठभागाने मृत असते. सीलबंद करणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला आकडा न देता फक्त ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात, आणि ते मला रास्त वाटते.

माळेतून सुटलेले रुपये यापेक्षा सोपे. माळेतल्या रुपयाची जी बाजू अंगाला लागत असे ती गुळगुळीत आणि दुसरी बरीच तीक्ष्ण असते. दोन्ही बाजूंची प्रत अशी दोन-दोन पायऱ्यांनी वेगळी असली की लगेच कडेवरच्या उभ्या खाचांकडे वळावे; बाराच्या काट्यापाशी खाचा भरलेल्या, घासलेल्या किंवा किंचित पिवळट दिसल्या तर तेथे कडी डाकलेली होती.

वजनकाटा यांतली पुष्कळ भांडणे मिटवतो. शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आता स्वस्तात मिळतो. चांगल्या प्रतीचा रुपया ११.६ च्या वर भरतो. चेहरा पूर्ण गुळगुळीत असूनही वजन जवळजवळ भरपूर निघाले तर झीज खरी आहे का याची पुन्हा शंका घ्यावी, आणि नक्षी तीक्ष्ण असून वजन ११.३ भरले तर खोट्या नाण्याची, कड कानसल्याची किंवा आम्लाची शंका घ्यावी. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, पण वजन तेच, म्हणून तेथेही हा नियम चालतो. १९३९ चा रुपया इतका दुर्मिळ आहे की त्याच्या बाबतीत प्रतीपेक्षा अस्सलपणाचीच चौकशी आधी करावी लागते.

यांतले काहीही पुण्याच्या अंकुशी रुपयाला किंवा हाताने पाडलेल्या इतर मराठेशाही रुपयांना जसेच्या तसे लावू नये. तेथे साचा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे निम्मी अक्षरे चकतीबाहेरच राहत, आणि घणाचा घाव तिरका पडला की एक बाजू खोल व दुसरी उथळ उठे. अशा रुपयावर जे दिसत नाही त्यातले बरेचसे कधी उठलेलेच नसते. त्यातच सराफांच्या पारखीच्या खुणा दोन्ही बाजूंना ठोकलेल्या असतात. तेथे उठलेल्या अक्षरांच्या धारा तीक्ष्ण आहेत का, एवढेच पाहणे शक्य असते.

या सर्व कारणांनी मी माझ्या वहीत प्रत एका शब्दात लिहिणे सोडून दिले आहे. झीज, ठसा, पृष्ठभाग आणि वजन असे चार रकाने आखले आहेत. वर सांगितलेल्या पहिल्या रुपयाची नोंद अशी आहे: १९१८, मुंबई, झीज नाही, ठसा छातीवर आणि मागे वेलीवर कच्चा, पृष्ठभाग मूळचा, गालावर थैलीतला एक मार, वजन ११.६५. विकायची वेळ आली तर मी हीच ओळ विकत घेणाऱ्याला देतो. त्याला त्यातून ६२ वाचायचे की ६३, हे त्याने त्याच्या दिव्याखाली ठरवावे.